गोलोंद्रीना नावाची डिस्क

रोसामेल मास्तर गेले तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेला माणसं बेताचीच आली. जी आली ती चुलीशी बसून बटाट्याचे गरम थालीपिठासारखे मिल्काओ खायची, माते नावाच्या कडू चहाचा पेला फिरवायची आणि जाताना तेच तेच बोलून जायची. "बिचारा! पण काय म्हणावं, बायकोचाच आवाज पुसून बसला." रोज कोणी ना कोणी हे बोललंच. मी मोरीशी भांडी विसळत ते ऐकायची आणि गप्प राहायची. गप्प राहण्याचा मला पाच वर्षांचा सराव होता.

त्यांनी काही पुसलं नव्हतं. पुसलं मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या बेटांवर ज्याच्या हातात कसब असतं त्याला माएस्त्रो म्हणतात. रोसामेल चिग्वाय यांचे वडील अपियाओ बेटावर किनाऱ्यावरच लाँची बांधायचे, आणि रोसामेल तिशीपर्यंत त्यांच्या हाताखाली रंधा मारत होते. मग आचाओ गावच्या रेडिओ केंद्राचं छप्पर दुरुस्त करायला आले आणि तिथेच राहिले. याचं कारण उबेर्लिंदा. ती रोज दुपारी एक वाजता निरोप वाचायची. "चाउलिनेक बेटावरच्या सेन्योरा तालिता यांना कळवण्यात येतं की मुलगा गुरुवारच्या लाँचीने येत आहे, किनाऱ्यावर घोडा पाठवावा." असे निरोप. बेटांवर तेव्हा फोन नव्हते, आणि आजही कुठे कुठे नुसते नावाला आहेत. ज्याला निरोप मिळायचा तो पुढच्या लाँचीबरोबर चिठ्ठी धाडायचा, आणि उबेर्लिंदा तीही वाचायची: "निरोप मिळाला." छपरावरच्या माणसाने तीन महिने हे खालून येताना ऐकलं. छप्पर आठवड्याभराचं काम होतं, असं केंद्रातली जुनी माणसं हसून सांगायची.

पंचवीस वर्षं तिने निरोप वाचले आणि मग आजारी पडून गेली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या त्या कपाटभर कॅसेट. रोजचा कार्यक्रम ती टेप करून ठेवायची, का ते कोणालाच माहीत नाही. आमच्याकडच्या ओलीत कॅसेटींना बुरशी धरली होती. मास्तर तोवर केंद्राची यंत्रं सांभाळायला शिकले होते. लाकडाचा माणूस, पण शिकला. एकेक कॅसेट पुसून, वाळवून, त्यांनी सगळे निरोप यंत्रात उतरवले. सहा वर्षं लागली. उतरवून झालेल्या कॅसेट फिदेलियाबाईंनी, म्हणजे आमच्या संचालिकेने, वासाला कंटाळून कचऱ्यात पाठवल्या. तेव्हा कोणाला वाईट वाटलं नाही. आवाज यंत्रात होता ना!

रोज एक वाजता निरोप प्रसारित होऊन गेले की मास्तर जिन्याखालच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि बायकोचा एक जुना निरोप ऐकायचे. एकच. कोणाची डुकरं हरवली, कोणाची सून बाळंत झाली, काहीही. मग चेहरा धुऊन कामाला लागायचे. म्हातारपणी त्यांना जेवणाइतकीच गरज होती त्याची, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर सांगते आहे.

मी नेल्दा, आलाओ बेटाची. कास्त्रो शहरात संगणकाचा अभ्यासक्रम करून केंद्रात हंगामी लागले. मला वाटायचं, या सुताराला मीच चार गोष्टी शिकवीन. पहिल्याच आठवड्यात माझं नाक कापलं गेलं.

केंद्रात खरं यंत्र एकच. त्याच्या पोटात मास्तरांनी चार खोटी यंत्रं वसवली होती. खोटी म्हणजे हात लावून दाखवता येणार नाहीत अशी. पण प्रत्येकाला वाटायचं आपलं वेगळं बिऱ्हाड आहे. एक गाणी वाजवायचं, एक बातम्या, एक पत्रव्यवहार, एक निरोप. त्यांच्या डिस्कही तशाच, खऱ्या यंत्रावरच्या मोठाल्या फाइली. पण बिऱ्हाडकरूला वाटतं, हा माझा माळा, हे माझं कपाट. खोटं यंत्र सुरू होताना आपल्या डिस्क ओळीने बघतं आणि अक्षरं वाटतं. पहिली दिसली ती ए, दुसरी बी, तिसरी सी. मी त्या अक्षरांनीच बोलायची. मास्तर ऐकून घ्यायचे नाहीत.

"बीवर जागा कमी पडतेय, मास्तर."

"बी कोण?"

"बी म्हणजे... दुसरी डिस्क."

"दवाखान्याच्या रांगेत तू तिसरी उभी राहिलीस म्हणून तुझं नाव तिसरी होतं का गं? पुढचा म्हातारा कंटाळून घरी गेला की तू दुसरी. अक्षर म्हणजे रांगेतली जागा, पोरी. जागा बदलते. नाव बदलत नाही."

आणि ते खरोखर प्रत्येक डिस्कला नाव द्यायचे, तिच्या अंगावर लिहिलेलं, यंत्र कितीदाही बंद-चालू झालं तरी न हलणारं. नावं सगळी लाँचींची. त्यांच्या बापाने बांधलेल्या आणि आता कुठे तरी कुजून गेलेल्या. गाण्यांची डिस्क एस्पेरान्सा. बातम्यांची दोस एर्मानोस. निरोपांची गोलोंद्रीना. एका शाळकरी वहीत प्रत्येकीची नोंद: नाव, यंत्राने दिलेला लांबलचक क्रमांक, कोणत्या खाचेत बसवली, कधी जन्मली, कधी मोडीत काढली, आणि शेवटच्या रकान्यात 'हात', म्हणजे कोणाच्या हातून झालं ते. मी हसायची. "मास्तर, बाप्तिस्मा पण करा की!" ते म्हणायचे, "हस. लाँच पाण्यात जाण्याआधी नाव लागतं. बिननावाची बुडाली तर शोधायला कोणाला हाक मारणार?"

गोलोंद्रीना ही त्यांच्या बापाची स्वतःची लाँच. त्या नावाच्या डिस्कवर एक निरोप असा होता की त्यासाठी मास्तरांचा धाकटा भाऊ ओलेगारियो दर नोव्हेंबरात अपियाओहून चार तास वल्ही-इंजिन करत यायचा. त्यांचा बाप कास्त्रोच्या इस्पितळात पडून होता तेव्हाचा. "अपियाओ बेटावरच्या ओलेगारियो चिग्वाय यांना वडील कळवतात की बरं वाटतंय. गोलोंद्रीनाला डांबर लावून ठेव, मी येतोच आहे." दोन दिवसांनी बाप गेला. आवाज उबेर्लिंदाचा, शब्द बापाचे. दोघं भाऊ खुर्च्या जवळ ओढून ऐकायचे. एकाला बाप ऐकू यायचा, एकाला बायको. ऐकून झालं की ओलेगारियो म्हणायचा, "डांबर मी लावलं होतं रे," आणि मास्तर म्हणायचे, "माहितीये." दर वर्षी हेच बोलणं. मग धुरी दिलेल्या शिंपल्यांची माळ टेबलावर ठेवून तो परत जायचा.

आता तो शुक्रवार.

जून महिना, वारा सुटलेला. निरोपांची दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती तिच्याखालची खरी चकती कुरकुरायला लागली होती, म्हणून मास्तरांनी ती जुनी प्रत पुसून मोडीत काढली आणि नवी, मोठी डिस्क जोडली. यंत्र बंद न करता. मी शेजारी बसून बघत होते. जुनी प्रत रांगेत बी होती, गोलोंद्रीना सी. जुनी गेली, बीची जागा रिकामी पडली. नवी आली ती शेवटच्या खाचेत, पण यंत्र चालूच असल्यामुळे त्याने तिला हातात होतं ते रिकामं अक्षर देऊन टाकलं: बी.

"आता हिला तयार कर," मास्तर मला म्हणाले. त्यांना साडेअकराच्या बसने कास्त्रोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. "फॉरमॅट कर, नाव दे, मग गोलोंद्रीनाची प्रत तिच्यावर लाव. नाव बघून हं. जिला नाव नाही ती नवी."

"हो मास्तर. समजलं मास्तर."

"काय नाव देशील?"

"कार्मेलिता?"

"कार्मेलिता चांगली होती. जरा डावीकडे कलायची." टोपी घालून ते गेले.

मी तळहातावर पेनने लिहून ठेवलं: नवी म्हणजे बी. नाव बघायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

बाराच्या सुमाराला वीज गेली. दहा मिनिटं. खालची बॅटरी कधीच मेलेली होती, फिदेलियाबाईंकडे चार अर्ज पडून होते. वीज आली, यंत्रं आपापली उठली. आणि उठताना निरोपांच्या यंत्राने डिस्क पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, खाचांच्या ओळीने. जुनी प्रत आता नव्हतीच. ए झाली, तिच्यापुढे गोलोंद्रीना दिसली, तिला बी दिलं. शेवटच्या खाचेतली नवी झाली सी. म्हातारा घरी गेला, तिसरी ती दुसरी झाली. मास्तरांनी मला अगदी याच शब्दांत सांगितलेलं होतं.

मी मात्र ऑफिसात वीज आल्याच्या आनंदात पाणी उकळत होते. एक वाजता निरोप झाले. अडीच वाजता आठवण झाली. आलाओची लाँच तीनला सुटायची, आई आजारी होती, आणि ती लाँच चुकली तर थेट सोमवार. मी अंगात कोट चढवूनच यंत्रासमोर बसले आणि तळहातावर बघून आज्ञा लिहिली.

यंत्राने विचारलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याने विचारलं, स्पष्ट: या डिस्कवर गोलोंद्रीना नावाचा साठा आहे, तरीही पुढे जायचं? हो की नाही? ते पाटीवरचं नाव वाचून विचारत होतं, मास्तरांनी लावलेलं नाव. पण तो प्रश्न मी आधी शेकडो वेळा बघितला होता आणि कधीच वाचला नव्हता. बोटाला सवय होती. मी 'हो' दाबलं. काही सेकंदांत झालं. नाव दिलं कार्मेलिता, खुर्ची ढकलली, प्रत काय, सोमवारी लावू म्हटलं, आणि धक्क्याकडे पळाले. लाँच मिळाली. लाँच मिळाल्याचा मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मास्तर शनिवारी एकचे निरोप झाल्यावर नेहमीप्रमाणे जिन्याखाली गेले. यंत्राला म्हणाले, गोलोंद्रीना. यंत्र म्हणालं, या नावाची डिस्क नाही.

सोमवारी सकाळी मी आचाओच्या धक्क्यावर उतरले तेव्हा रोक्साना, आता निरोप वाचते ती मुलगी, मला न्यायलाच आली होती.

"तुला कळलं का? मास्तरांनी निरोप पुसले!"

"कोणी?"

"मास्तरांनी गं. स्वतःच सांगितलं बाईंना. म्हणे चुकीची डिस्क फॉरमॅट केली. आणि परत येणार नाहीत, यंत्राने खालची जागासुद्धा मोकळी करून टाकली, तिच्यावर रविवारची प्रार्थना रेकॉर्ड झाली. रडते कशाला? तुझं काय गेलं त्यात?"

मी तशीच फिदेलियाबाईंच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं. मास्तर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"पंचवीस वर्षांचे निरोप, डोन रोसामेल. बेटाबेटांचे. लोक मला काय म्हणतील?"

"मला म्हणतील, बाई. तुम्हाला नाही."

"तुम्ही, जो दर वेळी नाव बघा नाव बघा करतो, तो?"

"वय झालं."

"नेल्दा कुठे होती तेव्हा?"

"आलाओला. आईकडे."

बाईंना वाटत होतं हे शनिवारी झालं, आणि शनिवारी मी खरोखर आलाओला होते, म्हणजे वाक्य खोटंही नव्हतं. मी दाराबाहेर उभी होते. आत जायला तीन पावलं. मार्चमध्ये मला कायम करणार असं बाई बोलल्या होत्या. आईचं औषध, घर, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं, आणि ते सगळं निमित्त होतं. मला भीती वाटली, एवढंच. मी मागे वळले आणि संडासात जाऊन बसले.

महिन्याभरात मास्तरांना निरोप समारंभ न करताच घरी बसवलं. यंत्रं माझ्याकडे आली. मार्चमध्ये मी कायम झाले.

आमच्या गावाला सोडवत नाही काही. मास्तर दुकानात गेले की कोणी तरी म्हणायचंच, "मास्तर, वजनकाट्याला हात नका लावू हां, वजन पुसलं जाईल!" धक्क्यावर पोरं ओरडायची, "मास्तर, पाऊस पुसा की जरा!" ते हसायचे. पहिल्यांदा हसले, मग दुकानात जायचे थांबले. पिठाची पिशवी मी नेऊन द्यायला लागले. लोक म्हणायचे, नेल्दा किती करते बघा म्हाताऱ्याचं. हे ऐकून घेणं शिव्या खाण्यापेक्षा वाईट होतं, आणि तरी मी ऐकून घेतलं.

नोव्हेंबरात ओलेगारियो आला. मास्तर स्वतः धक्क्यावर गेले त्याला सांगायला. मी पिशवी घेऊन मागे दहा पावलांवर होते, म्हणून सगळं ऐकलं. ओलेगारियो लाँचीतच उभा होता, हातात शिंपल्यांची माळ.

"पुसलं म्हणजे?"

"गेलं. परत येत नाही."

"बाबांचा निरोप पण?"

"सगळेच."

"कोणी केलं? त्या पोरट्यांपैकी कोणी असेल. नाव सांग."

"मी केलं."

"दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी एक शिवी घातली असती आणि विसरलो असतो, रोसामेल. पण तू? तुझ्या हातून? तिथे एकच वाक्य होतं त्याचं माझ्यासाठी. तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं."

"हो."

"हो काय, हो? काही बोल तरी!"

मास्तरांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता बोलतील. ते फक्त म्हणाले, "वारा फिरतोय, निघ आता." ओलेगारियोने माळ परत लाँचीत टाकली, दोर सोडला आणि म्हणाला, "मला भाऊ नाही." तो पुन्हा आला नाही.

त्याच आठवड्यात मी मास्तरांच्या घरी गेले, बोलायचंच असं ठरवून. ते चुलीशी बटाटे सोलत बसले होते. रेडिओ चालू होता, रोक्साना कोणाच्या तरी मेंढ्यांचं वाचत होती.

"मास्तर, त्या शुक्रवारी..."

"आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे. मास्तर, मी तळहातावर लिहिलं होतं..."

"बी लिहिलं होतंस."

यंत्र प्रत्येक आज्ञा लिहून ठेवतं, कोणी दिली, किती वाजता. त्यांनी शनिवारीच वाचलं असणार.

"मग तुम्ही सांगितलं का नाही? भावाला तरी?"

त्यांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "माझ्या बापाच्या हाताखाली सहा जण होते. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटीत झाडाची साल ठोकायचं काम त्यातल्या कोणाचंही असायचं. लाँच गळली तर साल कोणी ठोकली असं गिऱ्हाईक विचारत नाही. लाँच कोणाची, विचारतं. आणि मास्तराने हाताखालच्या पोराचं नाव घेतलं, तर त्याच्याकडे पुन्हा कोणी लाँच बांधायला देत नाही."

"ते लाकडाचं झालं, मास्तर."

"मी रांग मोडली. चालत्या यंत्रात डिस्क शेवटच्या खाचेत मी घातली, आणि वीज जाणार हे वाऱ्यावरून मला कळायला हवं होतं. मग डोळे दाखवायला गेलो." ते थोडं हसले. "डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत."

"मी सांगते सगळ्यांना. उद्याच."

"सांग की. मी कुठे अडवलंय?"

एवढंच म्हणाले. ना नको म्हणाले, ना सांग म्हणून गळ घातली. मी उद्या सांगणार होते. मग मार्च झाल्यावर. मग आई बरी झाल्यावर. आई गेली, तरी नाही सांगितलं. मास्तर दर दिवशी एक वाजता रेडिओ लावून बसायचे, आणि माझी आता खात्री आहे की ते निरोपच ऐकत होते, आणि त्यातल्या एकाची वाट बघत होते. त्यांनी तोंडाने कधी मागितला नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

या ऑगस्टमध्ये सकाळी शेजारणीला ते खुर्चीतच गेलेले दिसले. अपियाओला कळवायचा निरोप मीच लिहिला, रोक्सानाने दोन दिवस लागोपाठ वाचला. "ओलेगारियो चिग्वाय यांना कळवण्यात येतं की भाऊ रोसामेल यांचं निधन झालं आहे." अपियाओची लाँच आली, तिच्यातून चिठ्ठीही आली नाही आणि माणूसही आला नाही. "निरोप मिळाला" एवढंसुद्धा नाही. पेटी चौघांनी उचलली, त्यात एक केंद्राचा चौकीदार.

नवव्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर, शेजारणीने ती शाळकरी वही माझ्या हातात दिली. "तुझ्या कामाचं दिसतंय." मी उभ्या उभ्याच ते पान काढलं. नाव: गोलोंद्रीना. लांबलचक क्रमांक, एकही आकडा न गाळता. खाच तिसरी. मोडीत: जून, शुक्रवार. आणि 'हात' या रकान्यात, त्यांच्या त्या सुतारी जाड पेन्सिलीने: चिग्वाय. त्या वहीत त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. एकदा गाण्यांची डिस्क माझ्याकडून अर्धी गेली होती तेव्हा सरळ 'नेल्दा' लिहिलं होतं, आणि मी आठवडाभर रुसले होते. एवढं एकच खोटं. बाकी वहीभर जे खरं होतं त्याच्यामध्ये ते माझ्यासाठी लिहून ठेवलेलं.

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, राग आला. एवढं मोठं ओझं माणसाने न विचारता उचलावं आणि वर ते परत द्यायलाही शिल्लक राहू नये! मग मी केंद्रात गेले, निरोपाची चिठ्ठी घेतली, सगळे लिहितात तशी लिहिली आणि रोक्सानाच्या गठ्ठ्यात सरकवली. स्वतःचा निरोप स्वतः वाचायचा नाही, अशी आमच्याकडे उबेर्लिंदापासूनची रीत आहे.

एक वाजता रोक्सानाने वाचायला घेतली. "अपियाओ बेटावरच्या ओलेगारियो चिग्वाय यांना, आणि ज्यांचे जुने निरोप आमच्याकडे होते त्या सगळ्या घरांना कळवण्यात येतं की पाच वर्षांपूर्वी निरोपांची डिस्क रोसामेल चिग्वाय यांनी पुसली नाही. ती..." ती थांबली. काचेतून माझ्याकडे बघितलं. बेटाबेटांवरच्या चुलींपाशी तेवढा वेळ नुसती खरखर ऐकू गेली असेल. "ती मी पुसली. यंत्राने नाव सांगून विचारलं होतं, मी वाचलं नाही. पाठवणार, नेल्दा मान्सिल्या, आलाओ."

फिदेलियाबाईंनी दार आपटलं. माझं काय होणार ते अजून ठरायचं आहे, आणि ते या गोष्टीत महत्त्वाचं नाही. दुकानात कोणी काही बोललं नाही. मास्तरांना बोलायचे तसं एखादं तरी वाक्य माझ्यासाठी काढतील म्हणून मी उगाच दोनदा मीठ आणायला गेले.

पुढच्या मंगळवारी अपियाओची लाँच आली. लाँचवाल्याने शिंपल्यांची एक माळ आणि घडी घातलेली चिठ्ठी दिली. माळ मास्तरांच्या कबरीवर ठेवायची, म्हणाला. चिठ्ठी रेडिओची. मी ती उघडली नाही, रोक्सानाकडे दिली, आणि जिन्याखालच्या खोलीत दार लोटून रेडिओ लावला.

"आचाओच्या नेल्दा मान्सिल्या यांना," ती वाचू लागली, "अपियाओहून ओलेगारियो चिग्वाय कळवतात: निरोप मिळाला. पाच वर्षं मी भावाशी बोललो नाही."